बरा झाला तो उंदीर होता!

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या दवाखान्यात आला आणि खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून त्याने टेबलावर ठेवलं. सारखी घडी घालून ते मधोमध फाटलं होतं. ठळक अक्षरांत मथळा होता. एका वनस्पतीच्या अर्काने त्वचेचा कॅन्सर बरा होतो, असा त्याचा अर्थ. "डॉक्टरसाहेब, हे खोटं होतं का?" एवढंच त्याने विचारलं. त्याचे वडील जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मी बातमी नीट वाचली. खोटी नव्हती. शेवटून दुसऱ्या ओळीत 'उंदरांवरील प्रयोगात' हे दोन शब्द होते.

हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. ते शेवटून दुसऱ्या ओळीत ढकलणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

त्या मुलाच्या वडिलांना घरचे तात्या म्हणत. साठीच्या आसपासचे, उसाची शेती, दहा वर्षांचा मधुमेह. डाव्या टाचेवर काळा डाग आला तेव्हा काटा मोडला असेल म्हणून वर्षभर दुर्लक्ष झालं. मग कुरूप समजून पट्ट्या लावल्या, कोणाकडून तरी ते कापूनही घेतलं. माझ्याकडे आले तेव्हा डाग रुपयाएवढा होता, कडा वेड्यावाकड्या आणि मधे ओलसर. बायोप्सी केली. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण दिसतो तेव्हा बरेचदा तळपायावरच. सर्जनने सांगितलं की डाग भोवतालच्या चांगल्या त्वचेसकट काढू, टाचेवर मांडीची त्वचा लावू आणि जांघेतली गाठ तपासायला पाठवू. तारीखही ठरली. त्याच आठवड्यात पुण्याच्या कोणा नातेवाइकाने हे कात्रण पाठवलं. त्या वनस्पतीची पावडर बाजारात मिळत होतीच. कापाकापी नको, आधी हे करून बघू, असं घरात ठरलं. पाच महिन्यांनी तात्या परत आले ते जांघेत लिंबाएवढी गाठ आणि खोकला घेऊन.

आता या बातम्यांमागचा प्रयोग कसा असतो ते सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही.

१९५४ साली अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत एका काळ्या उंदराच्या त्वचेवर आपोआप मेलॅनोमाची गाठ उगवली. त्या जातीचं नाव सी-५७ ब्लॅक-६. ती गाठ काढून त्याच जातीच्या दुसऱ्या उंदरात रुजवली, तिथून तिसऱ्यात. तो उंदीर कधीच मेला, पण त्याची गाठ आज सत्तर वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत आहे. तिला बी-१६ म्हणतात. मेलॅनोमावरच्या उंदरांच्या प्रयोगांत सर्वाधिक वापर हिचाच.

गाठ रुजते कारण त्या जातीचे सगळे उंदीर जवळजवळ जुळे भाऊ असतात. किमान वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचाच संकर केला की अशी जात तयार होते. एकाची त्वचा दुसऱ्याला लावली तर शरीर ती परकी समजत नाही. तुमची त्वचा तुमच्या सख्ख्या भावाला लावली तर काही आठवड्यांत गळून पडेल. उंदराच्या बाबतीत तो अडथळाच काढून टाकलेला असतो.

नेहमीचा प्रयोग असा. सहा ते आठ आठवड्यांचे, म्हणजे ऐन तारुण्यातले निरोगी उंदीर घ्यायचे. कुशीवरची लव काढायची आणि कातडीखाली सुईने एक ते पाच लाख कॅन्सर पेशी टोचायच्या. अर्ध्या उंदरांना औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कित्येकदा हे औषध दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, गाठ बोटाला लागायच्या आधीच सुरू होतं. मग दर दोन-तीन दिवसांनी कॅलिपरने गाठ मोजायची. बी-१६ इतक्या वेगाने वाढते की दोन-तीन आठवड्यांत प्रयोग संपवावा लागतो. औषधवाल्यांच्या गाठी लहान निघाल्या तर निष्कर्ष निघतो: अर्काने गाठीची वाढ मंदावली.

मंदावली. वृत्तसंस्थेत त्याची 'आटोक्यात आली' होते, मथळ्यात 'बरी झाली' होते आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्टर लोक हे तुम्हाला सांगणार नाहीत' होते.

आता हे तात्यांच्या शेजारी ठेवून बघा. तात्यांचा कॅन्सर सुईने टोचलेला नव्हता, तो वर्षानुवर्षं त्यांच्याच टाचेत वाढला होता. औषध सुरू करायला कोणी दुसऱ्या दिवशी हजर नव्हतं. ते साठीचे होते, साखर वाढलेली. उंदराचं वजन वीस ग्रॅम, त्याच्या अंगावर एक ग्रॅमची गाठ म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या अंगावर तीन किलोची. ते प्रमाणच वेगळं. त्यातून उंदराची त्वचा आपल्यासारखी नाही. तिचा वरचा थर दोन-तीन पेशींचा, त्याखाली स्नायूचा एक पातळ पडदा जो आपल्याला जवळपास नाहीच, आणि अंगावरच्या रंगपेशी बहुतेक केसांच्या मुळाशी दडलेल्या. आपल्या रंगपेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी पसरलेल्या असतात आणि आपला मेलॅनोमा बहुधा तिथेच सुरू होतो. माणसाच्या त्वचेवरच्या मेलॅनोमांपैकी जवळपास निम्म्यांत बी-रॅफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड सापडतो आणि आजची काही महत्त्वाची औषधं त्यावरच बेतलेली आहेत. बी-१६ मध्ये तो बिघाड नाही.

म्हणजे प्रयोग फसवा असतो का? नाही. उंदराला जे विचारलं त्याचं उत्तर तो प्रामाणिकपणे देतो. विचारलेलं असतं, "तुझ्या कातडीखाली टोचलेली ही गाठ या द्रव्याने हळू वाढते का?" त्याचं उत्तर तात्यांच्या टाचेला लावणारे आपण.

ही चूक नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उंदरांच्या गाठी एकातून दुसऱ्यात लावायचं मोठं वेड होतं. कुठलेही उंदीर घेत. लावलेल्या गाठी कित्येकदा आपोआप जिरायच्या आणि कॅन्सरवर लस सापडल्याच्या घोषणा व्हायच्या. खरं तर ते उंदीर कॅन्सरला नव्हे, परक्या उंदराच्या मांसाला झिडकारत होते. दोन अनोळखी माणसांत त्वचा लावली तर जे होतं तेच. हे उमगायला काही दशकं गेली.

१९९८ च्या मे महिन्यात तर कहर झाला. बॉस्टनच्या ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांच्या कातडीखाली गाठी रुजवल्या, त्यांत बी-१६ सुद्धा होती. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारं एंडोस्टॅटिन हे प्रथिन दिल्यावर गाठी आक्रसल्या आणि औषधाची आवर्तनं पुन्हापुन्हा दिल्यावर निद्रिस्त झाल्या. काम उत्तम होतं. न्यूयॉर्क टाइम्सने रविवारी पहिल्या पानावर बातमी छापली आणि सोमवारी त्या औषधाच्या कंपनीचा १२ डॉलरच्या आसपासचा शेअर ५२ च्या आसपास बंद झाला. देशभरातले रुग्ण हे औषध मागू लागले. स्वतः फोकमन सांगत होते की हे उंदरांत झालंय, सबुरीने घ्या. ऐकतो कोण! माणसांवरच्या चाचण्यांत ती जादू दिसली नाही आणि अमेरिकेत त्या औषधाला कधीच मंजुरी मिळाली नाही. त्याचं एक बदललेलं रूप चीनमध्ये २००५ पासून फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी वापरलं जातं, तेही केमोथेरपीच्या जोडीने. रक्तवाहिन्या रोखण्याची कल्पना चुकीची नव्हती. त्या कल्पनेची दुसरी औषधं आज आपण वापरतो. पण त्या सोमवारी ज्यांनी आशा धरली, त्यांच्यापर्यंत त्यांतलं काही वेळेत पोचलं नाही.

कोणी म्हणेल, बी-१६ उंदराचीच गाठ, माणसाची गाठ उंदरात लावा ना! तेही होतं. थायमस ग्रंथी नसलेला, अंगावर केस नसलेला 'न्यूड' उंदीर परकी ऊती झिडकारू शकत नाही. १९६९ मध्ये कोपनहेगनमध्ये अशा उंदरात माणसाच्या मोठ्या आतड्याची गाठ रुजली आणि नवं दालन उघडलं. आपल्याकडे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही असे उंदीर सांभाळले जातात. पण प्रतिकारशक्तीच नसलेल्या प्राण्यात कॅन्सरचं उत्तर शोधताना निम्मी लढाई मैदानाबाहेर राहते.

आणि कोणता उंदीर घेतला यावर उत्तर किती हलतं बघा. रुग्णांच्या मेलॅनोमातल्या किती पेशी नवी गाठ सुरू करू शकतात? एका प्रकारच्या कमजोर प्रतिकारशक्तीच्या उंदरांत टोचून बघितलं तर आठ-दहा लाखांत एखादी. त्यावरून सिद्धांत उभे राहिले की मूठभर 'बीज' पेशी मारल्या की काम झालं. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या शॉन मॉरिसन यांच्या गटाने प्रतिकारशक्ती आणखी दुबळी असलेले उंदीर घेतले, टोचायची पद्धत सुधारली आणि जास्त दिवस वाट पाहिली. उत्तर आलं: जवळजवळ चारांत एक पेशी. आजार तोच. उंदीर आणि पद्धत बदलली, तर दहा लाखांत एकाचं चारांत एक झालं. उंदरावरच्या बातमीच्या भरवशावर ऑपरेशन पुढे ढकलणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने म्हणून पाहावा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, "मग डॉक्टर, उंदरांवरचे प्रयोग बंदच करायचे ना?" इथे मी तुमच्याशीही भांडणार आहे.

त्वचेच्या पेशींचंच घ्या. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवायची रीत शोधली. त्या पेशींना आधार म्हणून खाली अंथरल्या होत्या त्या उंदराच्याच पेशी! बशीत वाढलेला तो पातळ पापुद्रा अंगावर खरंच त्वचा बनतो का, हे माणसावर कसं तपासणार? १९८० मध्ये तो न्यूड उंदरांवर लावून पाहिला. तो तग धरून राहिला, त्याचे नीट थर बनले. मग १९८३ मध्ये अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक भाजलेल्या दोन लहान भावांवर, त्यांच्याच काखेतल्या छोट्या तुकड्यांतून वाढवलेली त्वचा लावली गेली. दोघे वाचले. २०१५ मध्ये जर्मनीत एका सात वर्षांच्या निर्वासित मुलाला, ज्याची त्वचा जनुकाच्या दोषामुळे जन्मापासून फोडांनी सोलून निघत होती, दुरुस्त केलेल्या जनुकाची स्वतःचीच त्वचा अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर मिळाली. ही वाटही उंदरावरूनच गेली होती. इथे प्रश्न साधा आणि नेमका होता, "हा पापुद्रा जगतो का, थर धरतो का?" म्हणून उत्तर माणसाला लागू पडलं.

गाठींच्या बाबतीतही तसंच. १९५७ मध्ये प्रेन आणि मेन यांनी उंदरांना एका गाठीविरुद्ध तयार केलं. पुढे तीच गाठ त्यांनी झिडकारली. पण हे मघाच्या परक्या मांसासारखंच नसेल कशावरून? ज्या उंदराची मूळ गाठ होती, त्याच्याच त्वचेचा तुकडा त्यांनी लावून पाहिला. त्वचा टिकली. म्हणजे शरीर चांगली त्वचा आणि गाठ यांत फरक ओळखत होतं. त्वचेचा एवढासा तुकडा, पण पन्नास वर्षांच्या गोंधळातून वाट काढणारा. आजच्या इम्युनोथेरपीच्या मुळाशी हेच आहे.

त्या इम्युनोथेरपीचीच गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की प्रतिकारपेशींवरचा सीटीएलए-४ नावाचा ब्रेक अडवला तर उंदरात रुजवलेल्या काही गाठी जिरून जातात. मेलॅनोमाचं काय? बी-१६ वर एकटं हे औषध चाललंच नाही. जोडीला कॅन्सर पेशींपासून केलेली एक लस दिली तेव्हा गाठी गेल्या आणि काळ्या उंदरांची लव जागोजागी पांढरी पडली, आपल्याकडे कोड उठतं तशी. आता माणसांत काय झालं ऐका. ६७६ रुग्णांच्या चाचणीत, २०१० मध्ये, हे औषध एकट्यानेच पुढे गेलेल्या मेलॅनोमात आयुष्य वाढवताना दिसलं आणि जोडीला दिलेल्या (वेगळ्या प्रकारच्या) लसीने काडीचा फरक पडला नाही. उंदराने दार दाखवलं, पण कुलूप-किल्लीचा तपशील चुकीचा सांगितला. १९९६ चा उंदीर ते २०११ ची मंजुरी, पंधरा वर्षं. आणि फायदा किती? मधला रुग्ण साडेसहा महिन्यांऐवजी दहा महिने जगला, पाचांतला एखादा मात्र तीन वर्षांनंतरही होता. मेलॅनोमाच्या इतिहासात हे मोठं यश. २०१८ चं नोबेल त्यालाच मिळालं. तुमच्या कात्रणातल्या पावडरला ही पंधरा वर्षं कोणी दिली?

'उंदीर म्हणजे माणूस नव्हे' हे वाक्यही जपून वापरा, ते लबाडांच्याही तोंडी असतं. १९५३ मध्ये विंडर आणि ग्रॅहॅम यांनी सिगारेटच्या धुराचं डांबर उंदरांच्या पाठीवर लावलं आणि ४४ टक्के उंदरांना त्वचेचा कॅन्सर झाला. लगेच पुढच्या जानेवारीत अमेरिकन तंबाखू कंपन्यांनी वर्तमानपत्रांतून निवेदन दिलं, त्याचा सूर हाच की उंदरांवरून निष्कर्ष काढू नका. पण तिथे उंदीर एकटा नव्हता. माणसांच्या पाहण्या १९५० पासून तेच सांगत होत्या. माणसांतला पुरावा आणि उंदीर एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ऐकायचं असतं.

मग दोष कोणाचा? वर्तमानपत्रांचा आहेच, पण सुरुवात आमच्या लोकांपासून होते. २०२१ मध्ये अल्झायमरवरच्या उंदीर-प्रयोगांच्या ६२३ शोधनिबंधांची तपासणी झाली. ज्यांच्या शीर्षकातच 'उंदीर' नव्हता, त्यांच्या बातम्यांतूनही तो बहुतेकदा गायब होता. म्हणजे शास्त्रज्ञाने शीर्षकातून एक शब्द वगळायचा, विद्यापीठाने प्रसिद्धिपत्रकात छाती फुगवायची, वार्ताहराने मथळा रंगवायचा आणि शेवटी माझ्यासारख्या एखाद्या एमडीने तो फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजीसह पुढे ढकलायचा. हो, माझ्या बॅचच्या ग्रुपवर असे निरोप येतात. मी प्रत्येक वेळी 'उंदरांत' एवढा एकच शब्द लिहून पाठवतो. दोघे माझ्याशी बोलत नाहीत.

तुम्ही अशी बातमी वाचाल तेव्हा घाईने फेकूही नका आणि जपूनही ठेवू नका. शेवटपर्यंत वाचा. प्रयोग कोणावर झाला? गाठ आपोआप आली होती की टोचली होती? औषध कधी सुरू केलं? गाठ गेली, की फक्त हळू वाढली? बहुतेक बातम्या दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतात. आणि जे ऑपरेशन ठरलंय ते त्या तारखेला करा. अर्क, काढा, पावडर काहीही घेत असाल तर मला सांगा, मी रागावणार नाही. लपवलंत तर मात्र रागावेन, कारण त्यातल्या काहींनी यकृताला इजा होते.

तळपायावर, टाचेवर, नखाखाली नवा काळा डाग दिसला, जुना तीळ वाढला, रंग किंवा कडा बदलली, ओल आली, तर कुरूप म्हणून कापू नका, कोणाला कापू देऊ नका. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीतीही सोडा. मेलॅनोमा पातळ असताना काढला तर बहुतेकांना पुढे त्याचा त्रास होत नाही.

तात्यांच्या मुलाला मी त्या दिवशी हे सगळं सांगितलं नाही. बातमी खोटी नव्हती, अपुरी होती, एवढंच म्हणालो. मग त्याला चप्पल काढायला लावली. उजव्या तळव्यावर एक तीळ होता, लहान, एका रंगाचा, कडा सरळ. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला आणि सहा महिन्यांनी परत बोलावलं. कात्रण तो टेबलावरच विसरून गेला.